सेवकाच्या कामाचे मोल

(समितीचे सेवक व देणगीदार ह्यांच्या गोसीखुर्द येथील सभेत दिलेले व्याख्यान. समितीचे विनंतीपत्र व वृत्तांत ह्यांबरोबर ते येथे छापण्यात येत आहे.)



दुष्काळनिवारणाच्या सभेत बोलावयास उभा राहणारा मनुष्य बहुधा उपाशी माणसांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज त्या माणसांपर्यंत जो चालत जातो त्याच्याविषयी बोलणार आहे. समितीच्या सेवकाने काम चांगले केले की वाईट, हे कोणी ठरवावे, कशावरून ठरवावे, आणि चांगले काम करणाऱ्यास पुढे काय वाट असावी, हा माझा आजचा विषय आहे. विषय कोरडा वाटेल. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणजे धान्य चुकीच्या दारी जाते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. ती चूक आपणांपुढे मांडल्यावाचून मी खाली बसणार नाही.

प्रथम आपण कोठे बसलो आहोत ते पाहू. वैनगंगेवरील धरणाची भिंत येथून दूर नाही. ह्या धरणाची कोनशिला १९८८ साली बसविली गेली. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर ह्या तीन जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांना पाणी द्यावे हा त्याचा हेतू. त्या पाण्यासाठी कित्येक गावांनी आपली घरे, शेते व देवळे सोडली. तथापि एवढा जलसंचय समोर असताही मृग कोरडा गेला की कालव्यापासून दूर असलेल्या गावी पऱ्हे वाळू लागतात, आणि मजुरांची कुटुंबे विटांच्या भट्ट्यांची वाट धरितात. उलट ऑगस्ट १९२० नव्हे, तर अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हीच वैनगंगा भंडारा व पवनी ह्या भागांत घराघरांत शिरली, आणि धरणाची तेहतीसही दारे उघडावी लागली. ज्या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, ज्याच्या पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या पूर्वजांनी, शेकडो तलाव बांधून पावसाचा थेंब अडविला, त्या जिल्ह्यासही संकटाच्या वर्षी शेजाऱ्याच्या हाताची गरज पडते. तो हात म्हणजे समितीचा सेवक होय.

आता आपल्या हिशेबाकडे वळू. सार्वजनिक न्यासांविषयीचा आपल्या राज्यातील कायदा १९५० सालचा आहे. त्यामुळे प्रत्येक नोंदलेल्या संस्थेचे जमाखर्च तपासले जातात, ही मोठी इष्ट गोष्ट आहे. पोती किती आली, किती गेली, भाडे काय पडले, हे आपण पैपैशाने सांगू शकतो. परंतु ज्याने ती पोती नेली त्याच्या कामाचा हिशेब आपण कसा ठेवितो? बहुतेक समित्यांत तो हिशेब चालकांच्या मनात असतो. ‘मुलगा चांगला आहे’, ‘बाई मेहनती आहेत’, ‘अमका जरा मंद आहे’, एवढेच त्याचे स्वरूप. पोत्यास तराजू आणि माणसास अंदाज, अशी ही स्थिती आहे.

माझी चूक ती ह्याच अंदाजाची. पुष्कळ वर्षांपूर्वी, अवर्षणाच्या एका सालात, मी एका मदत समितीचा निरीक्षक होतो. समितीचे व गावाचे नाव मी घेत नाही, कारण दोष माझा होता. माझ्या हाताखाली दोन तरुण सेवक होते. दोघांस सारखीच गावे व सारखेच धान्य नेमून दिले होते. पहिल्याने ठरलेल्या दिवशी सर्व धान्य वाटून टाकिले, अंगठे व सह्या घेतलेली स्वच्छ यादी आणून दिली, आणि रिकामी पोतीही मोजून परत केली. दुसरा चार दिवस उशिरा आला. त्याच्याजवळ काही पोती शिल्लक होती. त्याची वही खोडाखोडीने भरलेली होती. तीत अशा नोंदी होत्या: ‘आज तीनच घरे झाली. एका घरास कुलूप. शेजारी म्हणतात भट्टीवर गेले.’ ‘काल म्हातारीचे नाव माझ्याकडून राहिले, आज परत गेलो.’ ‘नाल्यापलीकडील टोलीचे कोणी रस्त्यावर येत नाही, तेथेच जावे लागेल.’

मी पहिल्याची पाठ थोपटली व त्यास प्रशस्तिपत्र दिले. दुसऱ्याविषयी अहवालात लिहिले की, हा होतकरू असला तरी व्यवस्थित नाही, पुढील हंगामात त्यास बोलाविण्याचे कारण दिसत नाही. समितीने माझा शब्द मानला. तो मुलगा शहरात कामास निघून गेला.

पुढल्या वर्षी पुन्हा धान्यवाटप झाले, पुन्हा स्वच्छ याद्या आल्या. हंगाम संपता संपता मी काही कारणाने त्या नाल्यापलीकडे गेलो. टोलीत दोन महिने कोणीही फिरकले नव्हते. पहिला सेवक अप्रामाणिक होता असे मुळीच नाही. त्याने एक दाणाही खाल्ला नव्हता. तो बैलगाडीच्या रस्त्यावर उभा राही, जो येईल त्यास देई, व यादी पुरी झाली की परते. जे येऊ शकत नव्हते ते त्याच्या यादीत नव्हतेच. म्हणून यादी नेहमी पूर्ण असे. एक बाई मला म्हणाली, ‘तो पोरगा येत होता तं आमची नावं कागदावर होती, बापू.’ ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला इतके लागले नसते.

मी त्या मुलास पत्र लिहून क्षमा मागितली व परत येण्याची विनंती केली. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले. टोलीतील घरांची यादी त्याने जपून ठेविली होती, ती त्याने सोबत पाठविली होती. स्वतः तो परत आला नाही. त्याच्या घरी वडील आजारी होते, आणि आमची समिती वर्षातून चार महिने जे मानधन देत असे त्यात औषधही निभले नसते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर मी ती आपणांस सांगून आपला वेळ घेतला नसता. परंतु दुष्काळाच्या इतिहासात हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. सर रिचर्ड टेंपल हे नाव नागपूरकडील लोकांस नवे नाही. १८६२ पासून काही वर्षे ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. पुढे १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा मदतीचे काम त्यांजकडे आले. त्यांनी ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर तांदूळ आणविला, मुक्तहस्ताने वाटला, आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. ह्या कामाबद्दल त्यांस शाबासकी मिळावयास हवी होती. मिळाला तो ठपका. इतका खर्च कशासाठी केला, असे विलायतेत व येथे विचारले गेले. माणसे वाचली हीच जणू खर्च अवाजवी असल्याची खूण ठरली! मग १८७७ साली मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळात तेच गृहस्थ पाहणीस पाठविले गेले तेव्हा त्यांनी धडा घेतला होता, परंतु तो उलटा. मदतीच्या कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास दररोज पौंडभर धान्य व वर अगदी थोडे पैसे पुरेत, असा दर त्यांनी सुचविला. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश ह्यांनी त्यास उघड हरकत घेतली. एवढ्या अन्नावर कष्ट करणारा मनुष्य टिकणार नाही असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ह्या दरावर काम सोडले. काही महिन्यांनी मद्रासेत तो दर मागे घ्यावा लागला. दरम्यान व पुढेही त्या दुष्काळात माणसे मेली ती लक्षावधींनी. सर्व मृत्यूंचे कारण हा एकच दर होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका अधिकाऱ्याच्या चांगल्या कामाचे मोल चुकीच्या मापाने केले, आणि त्याची किंमत दुसऱ्या प्रांतातील मजुरांनी मोजली, एवढे त्यावरून स्पष्ट दिसते.

त्याच दुष्काळात उलट प्रकारचेही उदाहरण आहे. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, ते तिचे प्राण होते, व न्यायमूर्ती रानड्यांचे तीस मार्गदर्शन होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागविली, मदतीच्या कामांवर प्रत्यक्ष काय चालले आहे त्याची वृत्ते तयार केली, आणि ती सरकारपुढे मांडली. अधिकाऱ्याच्या कामाची साक्ष त्याच्याच कचेरीतून न घेता रयतेच्या दारातून घ्यावी, ही रीत त्यांनी घालून दिली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर मदतीचे नियम लेखी झाले, आणि गावोगाव फिरून तपासणी करणे हा त्यांचा भाग ठरला. ह्या आपल्या जिल्ह्याने १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत ते नियम व त्यांच्या मर्यादा दोन्ही पाहिल्या. तेव्हा भंडारा मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता.

मग माप कोणते धरावे? रोवणीचे उदाहरण घ्या. ते येथे बसलेल्या प्रत्येकास माझ्यापेक्षा चांगले कळते. रोवणीच्या सायंकाळी सगळ्याच बांध्या सारख्या हिरव्या दिसतात. कोणाच्या हाताने रोप नीट लावले आणि कोणी घाईने वरवर खोचले, हे त्या दिवशी बांधावरून कळत नाही. आठ दिवसांनी कळते. वरवर खोचलेले पऱ्हे पाण्यावर तरंगू लागतात, आणि नीट लावलेले तग धरून उभे राहतात. कुशल शेतकरी म्हणून रोवणीच्या दिवशी निकाल देत नाही. तो पुन्हा जातो आणि चिखलात उतरून पाहतो. सेवकाच्या कामाची परीक्षाही अशीच दोनदा, आणि चिखलात उतरून, व्हावयास पाहिजे. ह्या दृष्टीने मी पाच गोष्टी आपणांपुढे ठेवितो.

पहिली गोष्ट, जे पोहोचले त्याच्या बरोबरीने जे राहिले ते विचारावे. प्रत्येक सेवकाच्या वहीत ‘कोणास दिले’ ह्या रकान्याशेजारी ‘कोण राहिले व का’ हा रकाना असावा. हा रकाना कोरा असेल तर त्यास पूर्ण काम समजू नये. ती चौकशीची जागा समजावी.

दुसरी गोष्ट, आकडा वाचताना वाट वाचावी. डांबरी रस्त्यावरील पन्नास घरे आणि नाल्यापलीकडील बारा घरे ह्यांची तुलना केवळ आकड्याने करणे हा अन्याय आहे. तसे केले म्हणजे शहाणे सेवक हळूहळू रस्ता धरून राहू लागतात. सेवक जे मोजले जाते तेच करितो. त्यात त्याचा दोष नाही.

तिसरी गोष्ट, साक्ष देणारा वेगळा असावा. ह्याचे उत्तम उदाहरण दूर शोधावयास नको. वैनगंगेच्या ह्याच खोऱ्यात खाली गडचिरोली आहे. तेथे डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढिली. नवजात बालकांची घरीच देखभाल करावयास त्यांनी एकोणचाळीस गावांतील स्त्रियांस शिकविले. त्यांतील कित्येकींचे शालेय शिक्षण बेताचेच होते. ह्या आरोग्यदूतांना एकदा शिकवून सोडून दिले नाही. देखरेख करणारा दर पंधरवड्यास गावी जाई, नोंदी पाही, चुकले ते तेथेच पुन्हा शिकवी. आणि त्यांनी लिहिलेले जन्ममृत्यू घरोघरच्या स्वतंत्र पाहणीशी ताडून पाहिले जात. अशी कसून तपासणी झाली म्हणूनच, नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला तेव्हा जगाने त्यावर विश्वास ठेविला, आणि २०११ पासून देशभरच्या आशा सेविकांच्या कामात ती पद्धत आली. येथे तपासणी व शिक्षण ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जो तपासावयास येई तोच शिकवून जाई. आपणही हेच करावे. आणि त्याशिवाय मदतीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेकडून कामांची तपासणी व्हावी असे सांगितले, त्यामागे हेच तत्त्व होते. ज्याचे नाव राहिले असेल त्याचा शेजारी बोलल्यावाचून राहणार नाही.

चौथी गोष्ट, कबूल केलेली चूक आणि लपविलेली चूक ह्यांस एकच शिक्षा नसावी. ‘म्हातारीचे नाव राहिले; आज परत गेलो’ हे वाक्य मी गचाळपणाची खूण म्हणून वाचले. ते वस्तुतः त्या मुलाचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होते. ज्या समितीत चूक लिहिणाऱ्याची नोकरी जाते तेथे पुढल्या वर्षीपासून चुका लिहिल्या जात नाहीत. त्या होत मात्र राहतात.

पाचवी गोष्ट, मोल करणाऱ्याचेही मोल व्हावे. सेवकाविषयी जे लिहिले जाईल ते प्रथम त्यास वाचावयास द्यावे, त्याचे म्हणणे त्याच कागदावर खाली लिहून घ्यावे, आणि वर्षातून एकदा निरीक्षकाविषयीही सेवकांस विचारावे. माझ्या अहवालाखाली त्या मुलास चार ओळी लिहिता आल्या असत्या तर त्या टोलीचे नाव समितीच्या कानावर गेले असते.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. काम चांगले ठरले, पुढे काय? आमच्याकडे अशी समजूत आहे की परोपकाराच्या कामात बढती, शिक्षण, वेतन ह्या गोष्टी बोलणे हलकेपणाचे आहे. सेवा म्हटली की त्याग आला, आणि त्याग म्हटला की हिशेब नको! परंतु ज्यांनी महाराष्ट्रात त्यागाचे धडे घालून दिले त्यांनी हिशेब टाळला नव्हता, हे आपण विसरतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवेचे वचन दिले, त्याबरोबरच त्यांचे मासिक वेतन पंच्याहत्तर रुपये असे नेमके ठरलेले होते. थोडे होते, पण निश्चित होते. आणि देणाराघेणारा दोघांसही ठाऊक होते. गोपाळ कृष्ण गोखले त्याच वेतनावर शिकविते झाले. पुढे १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला तेव्हा नव्या सभासदास पाच वर्षांची उमेदवारी ठेविली. वाचन, प्रवास, प्रत्यक्ष काम व वडीलधाऱ्याची देखरेख, असे तिचे स्वरूप होते. उत्साही तरुणास पहिल्याच दिवशी व्यासपीठावर न चढविता त्यास तयार करण्यास संस्थेने वेळ व पैसा खर्च करावा, हे त्यामागील तत्त्व. १९१५ साली आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींसही गोखल्यांनी वर्षभर देश पाहण्यास सांगितले होते. गोखल्यांच्या पश्चात गांधीजींस समाजात घ्यावे की नाही ह्याविषयी सभासदांत मतभेद पडला. तो त्यांनी उघडपणे बोलून दाखविला, आणि गांधीजींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला. स्नेह मात्र तुटला नाही. एखादा मनुष्य थोर आहे आणि तरीही अमुक संस्थेत त्याचे जमणार नाही, हे कटुतेवाचून बोलता येते, ह्याचे हे उदाहरण आहे. ह्याच समाजात १९१४ साली मुंबई नगरपालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून अमृतलाल ठक्कर दाखल झाले. दुष्काळाच्या मदतीसाठी हिंडता हिंडता त्यांस पंचमहालातील भिल्लांची स्थिती दिसली, आणि हंगामी मदतीतून भिल्ल सेवा मंडळाचे कायमचे काम उभे राहिले. संस्थेने त्यांस दरवर्षी हंगाम संपताच निरोप दिला असता तर देशाला ठक्करबाप्पा लाभले नसते.

कोणी म्हणेल, ही सारी विद्वान पुरुषांची उदाहरणे झाली. तर मग पार्वतीबाई आठवले ह्यांचे घ्या. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेल्या ह्या बाई महर्षी कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमात काम करू लागल्या. आश्रमाने त्यांस एकाच कामावर आयुष्यभर ठेविले नाही. देखरेखीचे काम दिले, मग निधी जमविण्यासाठी गावोगाव पाठविले. वयाच्या पन्नाशीकडे झुकताना, १९१८ साली, त्या इंग्रजी शिकावयास व आश्रमासाठी साह्य मिळवावयास अमेरिकेस गेल्या, आणि तेथे घरकाम करून त्यांनी पोट भरले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्याच प्रांताशी निगडित आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आश्रयास नेल्या. केडगावच्या मुक्तिसदनात ह्या मुलींस केवळ पोसले नाही; शिक्षण, विणकाम, छापखाना, शुश्रूषा अशी कामे शिकविली. जी काल मदत घेणारी होती ती पुढे मदत देणाऱ्यांच्या पंक्तीस बसली. आपल्या समितीच्या यादीत आज ज्यांची नावे आहेत त्यांतूनच उद्याचे सेवक निघावेत. नाल्याची वाट त्यांस कोणी दाखवावी लागणार नाही.

मग आपल्याकडे अडते कोठे? देणगीदार बंधूंनो, स्पष्ट बोलतो त्याची क्षमा असावी. अडते ते ‘माझा रुपया थेट गरिबाच्या पानात पडावा’ ह्या आपल्या सदिच्छेपाशी. तिच्यामुळे सेवकाचे वेतन, प्रवास, प्रशिक्षण, विमा हे सारे ‘प्रशासकीय खर्च’ ह्या एका अप्रिय नावाखाली जाते, आणि जो खर्च कमी दाखवील ती समिती उत्तम ठरते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली; प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. उधळपट्टीस आळा बसावा हे कोणासही मान्य होईल. परंतु खर्च कमी म्हणजे काम चांगले, हे माप आपण पुन्हा टेंपलसाहेबांच्या काळातून उचलून आणू नये. धान्य स्वतःच्या पायांनी टोलीवर जात नाही. त्यास नेणारा मनुष्य तिशीचा होतो, त्याचे लग्न होते, त्याचे आईबाप आजारी पडतात. ज्यांचे निवृत्तिवेतन दरमहा बँकेत जमा होते अशा माझ्यासारख्यांनी त्यास त्यागाचे पाठ द्यावेत, हे शोभत नाही.

म्हणून माझी समितीस सूचना अशी. प्रत्येक सेवकाशी वर्षारंभी लेखी बोलणे व्हावे: काम काय, वेतन काय, किती महिने, आणि ह्या वर्षी तो नवे काय शिकणार. हिशेब ठेवणे, बालकांचे वजन घेऊन कुपोषण ओळखणे, पुराच्या वेळी करावयाची व्यवस्था, रोजगार हमीचे व शिधापत्रिकेचे अर्ज लिहिणे, ह्यांपैकी दरवर्षी एक विद्या त्याच्या पदरात पडली पाहिजे. दोन हंगाम ज्याने नीट केले त्यास नव्या सेवकाचा शिक्षक करावे. पाच हंगामांनंतर समितीच्या बैठकीत त्यास मत असावे. आणि जो जाऊ इच्छील त्यास सन्मानाने, कामाचे खरे वर्णन करणारे पत्र देऊन, निरोप द्यावा. तो सरकारी नोकरीत गेला, शाळेत गेला, दुसऱ्या संस्थेत गेला, तरी समितीचे नुकसान झाले असे मी मानीत नाही. टोलीची वाट ठाऊक असलेला एक तलाठी किंवा एक परिचारिका त्या गावास मिळाली, तर तीही समितीचीच मिळकत होय.

सेवक बंधुभगिनींनो, आपणांसही एक शब्द सांगतो. आपल्या कामाची कोणी चौकशी केली तर तो अविश्वास मानू नका. ज्याच्या हाती उपाशी माणसाचे धान्य आहे त्याने जाब देण्यास तयार असलेच पाहिजे. परंतु जाब देताना सुबक यादीच्या मोहात पडू नका. खोडाखोड झाली तरी चालेल, खरे लिहा. कोण राहिले ते लिहा. आणि तुमची वही न वाचता कोणी निरीक्षक तुम्हांस मंद म्हणेल, तर त्यास ती वही उघडून दाखविण्याचा तुम्हांस अधिकार आहे. तो अधिकार ह्या समितीने आजच्या सभेत ठराव करून द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आणि देणगीदारांस शेवटची प्रार्थना. समितीचा जमाखर्च ह्या पुस्तिकेत अन्यत्र छापिला आहे; तो बारकाईने वाचा. परंतु देणगी देताना तिचा काही अंश सेवकांच्या वेतनास व शिक्षणास, कोणतीही अट न घालता, द्या. ज्यांस पैसा देणे शक्य नाही त्यांनी वर्षातून दोन दिवस द्यावे: एक दिवस सेवकाबरोबर चालावयास, आणि दुसरा, महिन्याभराने, एकट्याने त्याच वाटेने जाऊन पाहावयास. ज्या शिक्षकांनी, तलाठ्यांनी, परिचारिकांनी आयुष्यभर काम करून आता विश्रांती घेतली आहे, त्यांनी आपली विद्या ह्या मुलांस शिकवावी. धान्य ह्या हंगामात संपेल. शिकून तयार झालेला सेवक पुढील वीस हंगाम पुरेल.

त्या मुलाने पाठविलेली टोलीची यादी अजून माझ्या पेटीत आहे. कागद पिवळा पडला आहे, खोडाखोड तशीच आहे. त्यांतील काही घरे आता तेथे नाहीत, काही नावांपुढे दुसरी नावे आली असतील. ती यादी मी आज आपल्या चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहे. तिचा उपयोग धान्य वाटण्यास होणार नाही. परंतु नव्या सेवकास वही कशी लिहावी हे दाखविण्यास, आणि निरीक्षकास ती कशी वाचावी हे शिकविण्यास, तिचा उपयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे.